खऱ्या आकड्यांचा हिवाळा

यंदाही मेल आला. संक्रांतीच्या आधीचा सोमवार, पहिल्या चहाचा कप अजून हातात, आणि स्क्रीनवर ती ओळ: ‘पुढील आर्थिक वर्षाचे नियोजन. आपले सहकार्य अपेक्षित.’ सहकार्य म्हणे! दात उपटताना डॉक्टर मागतो तसलं हे सहकार्य. सोबत शीट जोडलेली. गेल्या वर्षीचा खर्च, पुढच्या वर्षीची मागणी, आणि शेवटी ‘कारण’ नावाचा बोटभर रुंदीचा रकाना. मी ती उघडली, बघितली, बंद केली, आणि समोरच्या माणसाला उगाच काहीतरी लागेल असं बोलले. त्या बिचाऱ्यानं फक्त स्टेपलर मागितला होता.

लोकांना हिवाळा आवडतो. मुंबईचा हिवाळा तो काय, पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटली की झाला. पण मलाही आवडायचा तो एकेकाळी. आमच्या ठाकूरद्वारच्या नाक्यावर गाडीवर ओल्या हरभऱ्याच्या जुड्या येतात, दादरला स्ट्रॉबेरीचे डबे येतात, भाजीवाली मटारच्या ढिगावर पाणी मारत बसलेली असते. माझ्या नवऱ्याला मटारच्या करंज्यांचं वेड. मेल आल्यानंतरच्या रविवारी वर्तमानपत्र पसरून दोघं सोलायला बसलो तर तो म्हणाला, “अगं, शेंगांवर कसला राग काढतेयस?” खरंच मी शेंगा सोलत नव्हते, फोडत होते. मी त्याला म्हटलं, तू तुझं काम कर. तीस वर्षांत जानेवारी ते मार्च माझ्या वाटेला जायचं नाही एवढं तो शिकला आहे.

मी परळच्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मॅनेजर आहे. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणणारा विभाग माझ्याकडे आहे. आमची आठ माणसं पहाटे मोटरसायकली काढतात आणि गिरगावपासून माहीमपर्यंत उपाशीपोटी वाट बघत बसलेल्या लोकांच्या दंडाला पट्ट्या बांधतात. हे काम मला मनापासून आवडतं. पण वर्षातले तीन महिने ते काम बाजूला पडतं आणि त्या कामाचं नियोजन सुरू होतं. मग आमच्या ऑफिसच्या अकराव्या मजल्यावर माणसं माणसांसारखी वागत नाहीत. एरवी एकमेकांच्या डब्यात हात घालणारे आम्ही, परीक्षेत पेपर झाकावा तशी हातानं स्क्रीन झाकून बसतो. एसी जास्तच गार वाटतो. प्रिंटरच्या खोलीत गरम कागदाचा वास कोंडतो. लिफ्टमध्ये दोघं बोलत असतील आणि तिसरा शिरला की आकडे बंद होतात, हवापाण्याच्या गप्पा चालू होतात.

हवेवरून आठवलं, आमच्याकडे ‘हवा भरणे’ म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याला शंभर लागणार असतील तर मागायचे एकशेवीस. वरचे पंधरा-वीस टक्के कापतात, आपल्याला आपले शंभर मिळतात. कापणाऱ्याला ठाऊक असतं की यात हवा आहे, आणि भरणाऱ्याला ठाऊक असतं की त्याला ठाऊक आहे. तरी दोघं गंभीर चेहऱ्यानं दोन-दोन तास बसतात. स्टोअर्सचा मॅनेजर पाटकर, बावीस वर्षं इथे आहे. तो जानेवारीत मला ठरलेला प्रश्न विचारतो, “काय सुमेधाताई, भरली का हवा?” सायकलच्या दुकानात विचारावं इतक्या सहज विचारतो. वर्षानुवर्षं मीही भरत आले. भरताना मान खाली जायची, पण भरायचे.

मग गेल्या वर्षी कर्णिक आले.

कर्णिक म्हणजे आमचे नवे ऑपरेशन्स हेड. दादरचे, शिवाजी पार्काच्या बाजूचे. पांढरा शर्ट, हळू आवाज, शुद्ध मराठी, आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतोय असं वाटायला लावणारी मान. पहिल्याच बैठकीत त्यांनी सगळ्या मॅनेजरांना समोर बसवलं आणि म्हणाले, “मला माहीत आहे तुम्ही काय करता. यंदा ते बंद. कागद कोरा घ्या, शून्यापासून विचार करा. मला खरे आकडे द्या. त्या आकड्यांसाठी वर भांडायचं काम माझं. हा माझा शब्द आहे.”

पाटकरनं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी पाय काढून घेतला.

मला भरून आलं होतं, दुसरं काय! माझे वडील एका विमा कंपनीत हेडक्लार्क होते. ऑफिसची पेन्सिलसुद्धा घरी आणायचे नाहीत, आणि ते आणत नाहीत हे आम्ही दिवसातून एकदा तरी ऐकायचो. त्या घरात वाढलेल्या बाईला कुणीतरी येऊन ‘खरं सांगा’ म्हणतो, म्हणजे मग विचारायलाच नको. मी उठले ती ताठ मानेनं. आज तो क्षण आठवला की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो. अहो, पन्नाशी ओलांडलेली बाई मी, आणि एका गोड आवाजाला भुलले!

मी मोंडकरांना बोलावलं.

मोंडकर आमचे रूट कोऑर्डिनेटर. उद्या सकाळी कोण कुठल्या गल्लीत, कुठल्या क्रमानं जाणार हे ठरवायचं काम त्यांचं. वय त्रेपन्न, राहणार लालबाग, मूळ मालवणकडचे. रोज साडेपाचला यायचे, कानाला फोन, समोर लांब वही. त्या वहीत सगळं होतं. ठाकूरद्वारच्या चौथ्या मजल्यावरच्या आजी दारातच पाय धुवायला लावतात, तिथे पाच मिनिटं जास्त. माहीमच्या कोळीवाड्यातल्या बाया मासळी आणायला अंधारात बाहेर पडतात, त्यांना सगळ्यात आधी. खोताच्या वाडीतले डिमेलो अंकल डायबेटिसवाले, एकटे राहतात, शीर फक्त डाव्या हाताला सापडते आणि साडेसातच्या पुढे उपाशी राहवत नाही. “अंकलका पहला नंबर, समझा ना?” असं ते नव्या माणसाला दटावून सांगायचे. फोनवर आवाज इतका चढायचा की काचेपलीकडचे फायनान्सवाले वळून बघायचे.

चार दिवस आम्ही दोघं मीटिंगच्या छोट्या खोलीत बसलो. मोंडकर वहीतून सांगायचे, मी शीटमध्ये भरायचे. किती घरं, किती जिने, किती पेट्रोल, किती सुया वाया जातात. दुपारी ते डबा उघडायचे, भाकरी आणि जवळ्याची चटणी, आणि त्या बंद खोलीत असा वास कोंडायचा की नंतर मीटिंगला आलेली माणसं दारातूनच परतायची. मी माझी गवार त्यांच्याकडे सरकवायचे, ते त्यांचा जवळा. सुखाचे दिवस होते ते, आता कसलाही राग आला तरी हे नाकारता येत नाही. कामाविषयी सगळं खरं लिहून ठेवतोय, याचा एक वेगळाच आनंद होता.

गणपतीवर मात्र आमचं अडलं. वरून आलेल्या शीटमध्ये वर्षाचे चार सारखे तुकडे केलेले असतात. पण परळ-लालबागचं वर्ष असं सारखं कापता येतं होय? गणपतीच्या दहा दिवसांत इथे मोटरसायकल ढकलतसुद्धा नेता येत नाही. रांगा, मांडव, बंद रस्ते. तेव्हा मोंडकर वेगळा नकाशा करायचे, कोण कुठपर्यंत गाडी नेणार आणि कुठून चालणार याचा. मी शीटमध्ये नवी ओळ घातली, ‘गणपती, दहा दिवस, दोन जादा माणसं’. वरून प्रश्न आला, ‘हा अपवादात्मक खर्च आहे का?’ मी लिहिलं, ‘नाही, दर वर्षी येतो.’ उलट प्रश्न आला, ‘मग गेल्या वर्षीच्या शीटमध्ये का नाही?’ गेल्या वर्षी तो हवेत बसला होता, हे काय लिहिणार? मी ओळ काढून टाकली. जमवू म्हटलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सगळं भरून झालं. मोंडकरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हळूच म्हणाले, “मॅडम, दोन माणसं वर धरूया. कोण आजारी पडतं, कोणाची गाडी पडते. असू दे आपलं हाताशी.”

“लागणार आहेत का नक्की?”

“नक्की कोण सांगणार? लागली तर लागली.”

“मग नाही लिहायची. खोटं नाही लिहायचं, मोंडकर. यंदा नाही.”

“खोटं नाय ओ मॅडम ते…” एवढंच बोलले आणि थांबले. मी मॅनेजर होते ना. त्यांनी वही मिटली.

ते अर्धं राहिलेलं वाक्य मी वर्षभर मनात पुरं करत आलेय. माझी आई पाच माणसांच्या घरात कधी पाच माणसांचा भात लावायची नाही. एक मूठ जास्त असायची, आल्यागेल्याची. कधी वाडीतलं कुणी यायचं, कधी गावाहून अचानक काका उगवायचे, कधी कुणीच यायचं नाही आणि सकाळी फोडणीचा भात व्हायचा. ती मूठ घालताना आई खोटं बोलत होती का? उद्या कोण दारात येईल ते आपल्याला कळत नाही, एवढं मान्य करून ती तांदूळ धुवायची. बरोबर पाच माणसांचा भात लावून ‘बघा मी किती काटेकोर’ म्हणणारी बाई खरी नाही, आखडू आहे. मी ती आखडू बाई झाले होते. खोटेपणाचा तिरस्कार करता करता मी मुठीचाही तिरस्कार करून बसले. आणि माझ्याहून अर्ध्या पगारावरचा माणूस मला तेच सांगत होता तर त्याला मी नीतीचे धडे दिले.

फेब्रुवारीत निकाल लागला. सर्व विभागांना सरसकट पंधरा टक्के कात्री. सरसकट! ज्यानं हवा भरली त्यालाही आणि ज्यानं हाडं मोजून दिली त्यालाही. पाटकरच्या विभागात एक खुर्चीसुद्धा हलली नाही. त्यानं त्या दिवशी सगळ्यांना वडापाव खिलवला आणि माझ्या टेबलावर ठेवताना एक शब्द बोलला नाही, हे त्याचे उपकार.

मी तडक कर्णिकांच्या केबिनमध्ये गेले. संक्रांत होऊन पंधरवडा उलटला होता तरी त्यांच्या टेबलावर तिळगुळाची वाटी होती. त्यांनी ती पुढे केली. मी घेतला नाही.

“सर, माझ्या शीटमध्ये कापायला काही नाहीये. तुम्हीच म्हणालात खरे आकडे द्या.”

“सुमेधाताई, प्रत्येक जण मला हेच सांगतो.”

“प्रत्येक जण खोटं सांगतो. मी खरं सांगितलंय. वही आणू का? एकेक जिना लिहिलाय.”

ते हसले. राग आला असता तर परवडलं असतं. ते समजूतदारपणे हसले. “मी वर भांडलो. पण अपवाद एकाला केला की सगळ्यांना करावा लागतो. तुमच्याकडे आठ जण नमुने आणतात, एक जण बसून फोन करतो. तो फोन आता मोबाइलचा नकाशा करेल. मी नाव घेत नाही. निर्णय तुमचा. शुक्रवारपर्यंत द्या.”

निर्णय तुमचा! या दोन शब्दांइतकी हलकट जोडी मराठीत दुसरी नसेल. सुरी दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि आपण बेसिनवर हात धुवायला जायचं.

आता माझंही सांगते, नाहीतर हा सगळा राग कर्णिकांवर काढून मी मोकळी होईन. शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. मी काय काय करू शकले असते? नाही म्हणू शकले असते. सही करत नाही, तुम्हीच कापा म्हणू शकले असते. माझा स्वतःचा वर्षाचा बोनस बजेटमध्ये राहण्यावर अवलंबून होता, तो सोडते म्हणू शकले असते. त्यानं पूर्ण भागलं नसतं, पण मोंडकरांचे सहा महिने तरी निघाले असते, आणि त्या सहा महिन्यांत गणपती होते. मला हे सगळं सुचलं होतं. सुचलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. गुरुवारी मी शीट उघडली, ‘रूट कोऑर्डिनेटर’ या ओळीतला एक खोडून शून्य केला, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘प्रक्रियेत सुधारणा’. त्या बोटभर रकान्यात तेवढंच मावत होतं. मेमध्ये बोनस मिळाला. आम्ही स्वयंपाकघराचा ओटा नवा केला.

मोंडकरांना मार्चच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं. मीच सांगितलं, एवढी तरी लाज ठेवली. त्यांची मुलगी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिसऱ्या वर्षाची फी जूनमध्ये भरायची होती, आणि हे मला माहीत होतं, कारण जवळा खाताखाता त्यांनीच सांगितलं होतं. मी बोलत होते आणि ते माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “शीट आपणच केली ना मॅडम? चार दिवस बसून?”

“हो.”

“मग माझी ओळ मीच भरून दिली तुम्हाला.”

एचआरच्या मुलीनं शेवटच्या दिवशी त्यांच्याकडे वही मागितली, कंपनीची माहिती आहे म्हणून. मोंडकर म्हणाले, वही मी माझ्या पैशानं लालबागच्या दुकानातून आणलीय, बिल नाही माझ्याकडे, पोलिसात जा. आणि वही काखेत मारून निघून गेले. वर्षभरात त्या मजल्यावर मी ऐकलेलं सगळ्यात बरं वाक्य ते होतं.

मोबाइलच्या नकाशाला जिने दिसत नाहीत. पाय धुवायला लावणाऱ्या आजी दिसत नाहीत. गणपतीत तर त्यानं आमच्या माणसाला मांडवाच्या रांगेत नेऊन उभं केलं आणि निळी रेघ सरळ पुढे दाखवत राहिला. चौथ्या दिवशी खोताच्या वाडीत आमचा माणूस साडेसातच्या ऐवजी सव्वादहाला पोचला. डिमेलो अंकल खुर्चीतच कलंडले होते. उपाशी राहायचं सांगितलं होतं ना, म्हणून त्यांनी साखरेचा दाणा तोंडात टाकला नव्हता. शिस्तीचा माणूस. शेजारची बाई धावली, साखरपाणी पाजलं, दोन दिवस हॉस्पिटलात राहिले, वाचले. मी भेटायला गेले तर म्हणाले, “वो फोनवाला किधर गया? जो चिल्लाता था?” मी म्हटलं, सोडून गेला. खाटेजवळ उभं राहून त्या आजारी माणसाशी मी खोटं बोलले. खोटं नाही लिहायचं, मोंडकर!

आढावा बैठकीत त्या घटनेला ‘अपवादात्मक परिस्थिती’ म्हटलं गेलं. कर्णिकांनी ते शब्द वापरले तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी नुसतं पाणी प्यायले. आता भांडणाला अर्थ नव्हता. जानेवारी लांब नव्हता.

तर यंदाचा तो मेल. मी शीट उघडली आणि हवा भरली. अशी भरली की पाटकरनं बघितलं असतं तर माझ्या पाया पडला असता. पेट्रोल वाढवलं, सुया वाढवल्या, जिथे जिने नाहीत तिथे जिने बांधले. माणसं तीन जादा मागितली. नवं पद तयार केलं, ‘मार्ग नियोजन अधिकारी’, कारण जुनं पद परत मागितलं तर गेल्या वर्षीची सुधारणा चुकली असं कबूल करावं लागलं असतं, आणि आमच्याकडे चुका परत घेता येत नाहीत, फक्त नव्या नावानं मागता येतात. कारणाच्या रकान्यात ‘वाढता व्याप’ लिहिलं. व्याप काडीचा वाढलेला नव्हता. लिहिताना मान खाली गेली नाही. उलट आत काहीतरी कडक होत गेलं, आणि ते कडक होणं मला आवडलंही.

कर्णिक माझ्या शीटवर खूश झाले. “या वर्षी तुमचा विचार जास्त परिपक्व वाटतो,” म्हणाले. मग सरसकट पंधरा टक्के कापले. कापून जे उरलं ते मला हवं होतं तेवढंच होतं, वर थोडं. पद मंजूर झालं. मी त्यांना थँक यू म्हटलं आणि केबिनमधून बाहेर येऊन प्रसाधनगृहात जाऊन उभी राहिले. हसू येत होतं की शिव्या येत होत्या ते सांगता येत नाही. गेल्या वर्षीही हे एवढंच करायचं होतं. माणसं आजारी पडतात, गाड्या पडतात, गणपती येतात, हे कबूल करून तीन ओळी भरायच्या होत्या.

परवा शनिवारी दुपारी मी लालबागला गेले. मार्चमध्ये तिथे मसाल्याचा मोसम असतो, सगळी गल्ली लाल. मिरच्यांची पोती, मसाला कुटणाऱ्या डंखांचा आवाज, भाजलेल्या धण्यांचा वास, आणि हवेत असा ठसका की नाकाला पदर लावल्याशिवाय चालता येत नाही. मोंडकरांच्या चाळीचा जिना चढेपर्यंत माझे डोळे वाहायला लागले. दारात क्षणभर थांबून ते पुसून घेतले. मी रडत आलेय असं त्यांना वाटायला नको होतं.

“कोण इला गो?” आतून त्यांचाच आवाज. त्यांच्या बायकोनं दार उघडलं. तिचे हात कोपरापर्यंत मसाल्यानं लाल, जमिनीवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि वजनाचा काटा. मला ओळखलं तिनं. या म्हणाली नाही, पण बाजूला झाली. मोंडकर कॉटवर बसले होते, अंगात सिक्युरिटीचा निळा शर्ट. जवळच्याच एका टॉवरच्या गेटवर आलेल्या-गेलेल्यांची नोंद करायचं काम. बारा तास उभ्यानं. पायांना सूज दिसत होती.

कुणी बसा म्हणायची वाट न बघता मी सगळं सांगितलं. पद मंजूर झालंय, पगार आधीपेक्षा थोडा जास्त, एक एप्रिलपासून. त्यांनी ऐकून घेतलं.

“मंजूर कसं झालं? तेव्हा तर बसत नव्हतं.”

“यंदा जास्तीची माणसं मागितली होती. त्यातली कापली, तुमची जागा राहिली.”

“म्हणजे खोटं लिहिलंत.”

“हो.”

त्यांची बायको पिशवीला गाठ मारत होती, तिचा हात थांबला. मोंडकर आवाज न चढवता बोलले, आणि त्यांचा न चढलेला आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

“खरं लिहिलंत तेव्हा मी गेलो. आता खोटं लिहिलंत तेव्हा मी आलो. माझी पोरगी मॉलमध्ये परफ्यूमच्या काउंटरला उभी असते मॅडम. दोन वर्षं नर्सिंगची झाली होती. परत जा म्हटलं तर म्हणते, आता नाही बाबा, सवय गेली अभ्यासाची. तिची जागा कुठल्या शीटमध्ये वर धराल?”

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून थांबवलं.

“ते नको. चहा पण नको ठेवू गो,” बायकोला म्हणाले. मग मला, “एक तारखेला साडेपाचला येतो. पगार हवाय म्हणून येतोय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही.”

मी बरं म्हटलं आणि निघाले. जिन्यावर पुन्हा ठसका लागला, डोळे पुन्हा वाहायला लागले, आणि या वेळी मी ते पुसले नाहीत. खाली रस्त्यावर आले तेव्हा लक्षात आलं की मला बरं वाटतंय. त्यांनी नको सांगितलं होतं, तरीही वाटतंय.